शोभेचा सप्रेसर: आठ महिने आणि अडीच हजार काडतुसांनंतर

मी ह्यूस्टनच्या बाहेरच्या उपनगरात राहतो आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. माझी रायफल रुगरची १०/२२, म्हणजे १९६४ पासून बाजारात असलेली आणि .२२ लाँग रायफल हे छोटे काडतूस झाडणारी. मी घेतलेल्या आवृत्तीत नळीच्या तोंडावर आटे पाडलेले आहेत: अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ आटे. त्यांच्यावर कारखान्यातूनच एक छोटी टोपी येते. ती टोपी काढून तिथे काहीतरी बसवण्याचा मोह आवरणे कठीण असते. मलाही तो आवरला नाही, आणि गेल्या वर्षी मी साडेपाच इंचांचा, काळ्या ॲल्युमिनियमचा एक शोभेचा सप्रेसर मागवला.

शोभेचा म्हणजे काय, ते आधी सांगतो. खऱ्या सप्रेसरच्या आत एकामागून एक पडदे असतात. गोळीमागून येणारा तापलेला वायू त्या कप्प्यांत अडकतो, पसरतो, थोडा निवतो आणि मगच बाहेर पडतो, म्हणून स्फोटाचा आवाज उतरतो. माझ्या नळकांड्यात पडदे नाहीत आणि पुढचे भोक मोठे आहे. त्यामुळे आवाजात मला काडीचाही फरक जाणवला नाही, आणि कानांवरचे संरक्षक पूर्वीइतकेच आवश्यक राहिले. तसे पाहिले तर गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा हवेतला कडाका खरा सप्रेसरही थांबवू शकत नाही.

मग लोक ही वस्तू घेतात कशाला? दिसण्यासाठी, हे प्रामाणिक उत्तर. दुसरे कारण कायद्याचे. अमेरिकेच्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार खऱ्या सप्रेसरची नोंदणी करावी लागते. अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि वर २०० डॉलरचा कर असा तो सोपस्कार होता. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा कर शून्य झाला, तरी नोंदणी कायम आहे. हा कायदा आवाज कमी करणाऱ्या साधनाकडे पाहतो, त्याच्या डब्यावर काय छापले आहे याकडे नाही. ‘शोभेचा’ म्हणून विकलेल्या नळकांड्यात पडदे निघाले, तर बिनानोंदणीचा सप्रेसर बाळगल्याचा गंभीर गुन्हा आपल्या माथी येऊ शकतो. म्हणून पार्सल उघडल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बॅटरीने आत पाहिले. राज्याराज्यांतले नियमही वेगळे आहेत. न्यू जर्सीतल्या माझ्या आतेभावाला हे प्रकरण फार आवडले होते, पण तिथे रायफलच्या नळीला आटे असणे हीच गोष्ट प्रतिबंधित लक्षणांच्या यादीत मोडते. त्याला मी फोटो पाठवण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. विक्रेत्याचे नाव लिहीत नाही. सोबतच्या चिठ्ठीत ‘हाताने घट्ट फिरवा’ एवढीच सूचना होती आणि मी ती पाळली. चौथ्या फेरीत पन्नास यार्डांवर माझे नेम अचानक विखुरले. दोन गोळ्या कागदावर आडव्या लागल्यासारख्या लांबट भोके पाडून गेल्या. रायफल रिकामी केली, मॅगझिन काढले, चेंबर (काडतूस बसते तो कप्पा) बोटाने चाचपले आणि नळकांडे फिरवून काढले. पुढच्या भोकाच्या कडेला, आतल्या बाजूने, नखाच्या कोरीएवढी एक चकचकीत करडी चंद्रकोर होती. ते गोळीचे शिसे होते.

मी व्यवसायाने यंत्रशाळेत मोजमाप तपासणीचे काम करतो, त्यामुळे चिडण्याआधी हिशेब मांडला. भोक आठ मिलिमीटरचे, गोळी सुमारे पावणेसहाची, म्हणजे प्रत्येक बाजूला मिलिमीटरहून जेमतेम थोडी जास्त मोकळीक. आटे संपतात तिथल्या, नळकांडे टेकते त्या पायरीचा, म्हणजे खांद्याचा, व्यास तेरा-चौदा मिलिमीटर आणि नळकांड्याची लांबी एकशे चाळीस. म्हणजे खांद्याखाली एक दशांश मिलिमीटरचा कण अडकला, तर दुसरे टोक मिलिमीटरभर सरकते. मला तिथे कण सापडलाच: आटे पाडताना उरलेला ॲल्युमिनियमचा कीस, केसाएवढा. त्यात आटे सैल झालेले. एवढे पुरेसे होते.

त्यानंतर मी बसवण्याची पद्धत बदलली. दोन्हीकडचे आटे ब्रशने व द्रावणाने स्वच्छ करतो, खांदा बोटाने तपासतो, रिकाम्या रायफलच्या नळीतून बेताच्या मापाची सरळ दांडी घालून ती पुढच्या भोकाच्या मधोमध येते की नाही ते पाहतो, आणि दर पन्नास काडतुसांनंतर पुन्हा हात लावून घट्टपणा बघतो. पाना वापरून जोर करण्यात अर्थ नाही, कारण ॲल्युमिनियमचे आटे पोलादासमोर आधी मान टाकतात. .२२ च्या काडतुसाची काजळी आणि शिसे आत साचते. तीनशेच्या वर गेलो की नळकांडे निघता निघत नाही. एकदा ते रात्रभर तेलात ठेवावे लागले.

नेमाचे काय झाले? नळीच्या टोकाला वजन टांगले की तिची कंपने बदलतात. पन्नास यार्डांवर माझा नेम सुमारे दीड इंच खाली आला. गोळ्यांच्या भोकांचा समूह मात्र तेवढाच राहिला, म्हणून दुर्बीण नव्याने जुळवून भागले. पण नळकांडे काढले की पुन्हा जुळवणे आले. ज्यांना दोन्ही हवे आहे त्यांनी याचा विचार करावा. पुढे आलेल्या वजनाने उभ्याने नेम धरताना नळी किंचित शांत राहते, हा मला मिळालेला एकमेव खरा फायदा.

या वस्तूचे खरे कामाचे भावंड ऑलिंपिकच्या रायफलवर दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तो प्रकारही याच .२२ काडतुसाचा. त्या खेळातल्या रायफलींच्या तोंडावर पुष्कळदा एक रुंद पोकळ नळी असते आणि तिच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण. डोळ्याजवळचे नेम धरायचे भोक आणि माशी यांतले अंतर वाढते, त्यामुळे नेमातली चूक डोळ्याला लवकर कळते. तीही पोकळच, पण तिच्याकडे काम आहे.

याच काळात माझ्या दुसऱ्या रायफलवर, एआर-१५ वरही प्रयोग करून पाहिला. तिथे मूळचा, खालून बंद असलेला ए-टू पिंजरा (ज्वाळा विखुरणारे तोंड) काढून मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारे तोंड, लावला. धक्का थोडा कमी झाला, पण तिच्या ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाचा धक्का मुळात असतो किती? ब्रेक वायू बाजूला फेकतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या काकांनी दुसऱ्याच मॅगझिननंतर आपले सामान उचलून चौथ्या टेबलावर नेले. महिन्याभरात पिंजरा परत आला. तेव्हा वॉशर नवा घेतला, कारण तो एकदा दबला की पुन्हा चालत नाही, आणि व्हाइसमध्ये (पकडीत) रिसीव्हर, म्हणजे रायफलचा मधला सांगाडा, न धरता नळी धरली.

१०/२२ वर सध्या कारखान्याची टोपीच आहे. नळकांडे आणि दांडी दोन्ही पेटीत आहेत. उभ्याने सराव करायचा असेल त्या दिवशीच बाहेर निघतात, आणि निघतात तेव्हा दांडी आधी.