मराठी 'पवित्र शास्त्र': जिवाच्या विसाव्यासाठी घेणार असाल तर कोणती प्रत, आणि वाचायची कशी

बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र', म्हणजे मराठी बायबल, बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत असतंच. नाशिकमध्ये शरणपूर रोड किंवा नाशिकरोडच्या कुठल्याही मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर विचारा, प्रत कुठे मिळेल ते कुणीतरी सांगेल. इथे प्रश्न एवढाच घेतला आहे: मन थकलंय, रात्री डोळा लागत नाही, प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत, अशा माणसाच्या हातात हा ग्रंथ कितपत कामाला येतो?

भाषांतर तपासायला मत्तय ११:२८-३० काढा. सुधारित आवृत्तीत 'तुमच्या जिवास विसावा मिळेल' असं आहे आणि लगेच पुढे 'माझे जू सोयीचे'. हा 'सोयीचे' शब्द फार नेमका पडला आहे. मूळ ग्रीक शब्दात चांगलं, मायाळू आणि कामाला योग्य असे अर्थ एकत्र येतात. ज्यांनी औत हाकलंय त्यांना समजावून सांगायला नको: मानेवर नीट न बसणारं जू बैलाचा खांदा सोलून काढतं, आणि नीट बसलेलं असेल तर तोच बैल दिवसभर चालतो. येशू जू काढून टाकायला सांगत नाही, आपलं जू घ्यायला सांगतो. शिवाय २८व्या वचनात विसावा 'देईन' आहे, २९व्यात 'मिळेल' आहे, आणि दोन्हींच्या मधोमध 'माझ्यापासून शिका'. बरेच जण २८वर थांबतात, ते वचन भिंतीवर लावतात, आणि महिन्याभराने म्हणतात की काही फरक पडला नाही. शिकण्याचा भाग वाचलेलाच नसतो.

म्हणून प्रत संदर्भांची घ्या, म्हणजे वचनाशी जोडलेली इतर वचनं कुठे आहेत ते पानावरच छापलेली. जिवाच्या विसाव्याचे शब्द यिर्मया ६:१६ मधून आले आहेत. तिथे देव जुन्या वाटा विचारून त्यांवर चालायला सांगतो, आणि लोक 'आम्ही चालणार नाही' म्हणतात. हे शेजारी ठेवून वाचलं की येशूच्या बोलावण्याची धार कळते. कॅथलिक वाचकांनी घेण्याआधी अनुक्रमणिका बघावी: प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक प्रतीत ७३. हा फरक इथे महत्त्वाचा आहे, कारण बेन सिराच्या पुस्तकात ५१व्या अध्यायाच्या शेवटी मान जुवाखाली देण्याची आणि थोड्या कष्टात मोठा विसावा मिळाल्याची गोष्ट आहे. ६६च्या प्रतीत ती सापडणार नाही.

सोप्या भाषेतली आवृत्ती पौलाच्या पत्रांसाठी जरूर जवळ ठेवा, त्यातली लांबलचक वाक्यं तिथे सुटी होतात. स्तोत्रांसाठी मात्र तिची शिफारस नाही. 'तो मला संथ पाण्यावर नेतो' या ओळीला जी चाल आहे ती मोठ्याने म्हणताना श्वासही संथ करते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, १९२४ साली छापून पूर्ण झालेलं भाषांतर कुठे मिळालं तर तुलनेसाठी बघा, त्यांचा आग्रह साध्या माणसाला कळणाऱ्या मराठीचा होता.

आता वापर. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण वेळ ठरलेली हवी. सुरुवातीला १३१वं स्तोत्र घ्या. तीनच वचनं आहेत, आणि दूध तुटलेलं मूल आईजवळ जसं निवांत असतं तसा जीव निवांत केल्याचं चित्र आहे. त्या मुलाला आता दूध नको असतं, फक्त आई हवी असते. विसावा म्हणजे काय हे याहून थोडक्यात सांगणं कठीण. दोनदा मोठ्याने वाचा, तिसऱ्यांदा मनात, मग पाच मिनिटं गप्प बसा. मग आपलं ओझं नाव घेऊन सांगा. 'सगळ्या चिंता' असं मोघम नको. कर्जाचा हप्ता, आईचं आजारपण, भावाशी धरलेला अबोला. पुढच्या दिवसांत २३, ६२, १२१ घ्या, झोपताना ४थं. मन अगदीच काळवंडलं असेल तर १३वं, नाहीतर ८८वं. ८८ अंधारातच संपतं, आणि ते तसंच शास्त्रात ठेवलं आहे याचाही आधार वाटतो.

फसतं ते बहुधा वर्षात संपूर्ण बायबल वाचण्याच्या नेमात. अध्याय ११८९, म्हणजे रोज तीनहून जास्त. अभ्यासासाठी हा नेम उत्तम, पण थकलेल्या माणसाला लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत येता येता धाप लागते, दिवस चुकतात आणि अपराधी वाटू लागतं. दुसरी चूक म्हणजे पान कुठेही उघडून बोट ठेवायचं आणि तेच उत्तर मानायचं. तिसरी, शरीराला विसरणं. १ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर डॉक्टरकडे जा आणि पाळकांशीही बोला. त्यात विश्वास कमी पडल्याचं काही नाही.

मोबाईलवरचं मोफत बायबल ॲप पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांना सोयीचं. सूचना बंद ठेवा, आणि सलग किती दिवस वाचलं ते मोजणारा आकडा तर बघूच नका. गाता येत असेल तर 'उपासना संगीत' हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक सोबत घ्या, ना. वा. टिळकांची पदं त्यात भरपूर आहेत आणि पेटी नसली तरी म्हणता येतात.

शरणपूर या नावातच शरण आहे. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं १९व्या शतकात इथल्या मिशनच्या वस्तीत राहिली, शिकली. ज्यांच्या मानेवर खरंखुरं जू होतं त्यांनी याच गावात हा ग्रंथ हाती घेतला, हे इथल्या वाचकाने मत्तय ११ वाचताना लक्षात ठेवावं.

खरेदीच्या वेळी टाईप बघा: हातभर अंतरावरून, घरातल्या दिव्यात वाचता आला पाहिजे. लहान टाईपाची खिशातली प्रत स्वस्त पडते, पण चाळिशीनंतर ती कपाटातच राहते. कागद पातळ असतो, जेल पेनची शाई मागच्या पानावर उमटते, म्हणून खुणांना पेन्सिल वापरा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट होऊन पानं चिकटतात. सुती फडक्यात गुंडाळा आणि उशाशी ठेवा.