केबिन दाखवली, वावर विकलं

‘पाच गुंठे जागा, वर तयार केबिन, लाइट-पाणी हजर. फक्त सामान आणा.’ एवढ्या बोलण्यावर भाड्याची खोली सोडून, म्हातारे आईवडील आणि लेकरं घेऊन वावरात राहायला निघालेली कुटुंबं छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडच्या कडेला फसतात. ही फसवणूक एका जागी होत नाही. थोडी कागदात होते, थोडी केबिनच्या मालात, थोडी बोअरमध्ये आणि थोडी विजेच्या डीपीवर. त्यामुळे कुणाला धरावं तेच कळत नाही. जागावाला केबिनच्या गुत्तेदाराकडे बोट दाखवतो, गुत्तेदार म्हणतो ट्रेलरला रस्ताच नव्हता, आणि एजंट फोन उचलत नाही.

मुळात केबिन हे आमिष आहे. दोन एकर रान घ्यायचं असेल तर आपली माणसं चार वेळा तहसीलच्या पायऱ्या चढतात. पण समोर दार-खिडकी असलेली, पंखा फिरणारी खोली दिसली की ‘घरच तर घेतोय’ असं वाटतं आणि जमिनीची चौकशी राहून जाते. ती केबिन हायड्रा क्रेनने उचलून दुसऱ्या प्लॉटवर ठेवता येते आणि तीच पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवताही येते, हे त्या वेळी डोक्यात येत नाही.

आधी कागद. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पाच गुंठे म्हणजे ५,४४५. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलं. म्हणजे जिरायत रानातल्या सुट्या पाच गुंठ्यांचं सरळ खरेदीखत एरवी होत नाही. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तीन वाटा काढतो.

पहिली वाट नोटरीची. पूर्वी १०० रुपयांच्या बाँडवर चालायचं, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. त्यावर ‘कायमस्वरूपी ताबा दिला’ असं लिहून, शिक्के मारून, फोटो चिकटवून देतात. शिक्के कितीही असोत, विकत घेतलेल्या स्थावर मिळकतीची मालकी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्ताशिवाय बदलत नाही. नोटरी फक्त सही कुणाची आहे एवढं सांगते. मूळ मालक मेला की त्याची पोरं वारस म्हणून सातबाऱ्यावर येतात आणि तुम्हाला ओळखतही नाहीत.

दुसरी वाट समाईक खरेदीची. ही जास्त घातक, कारण हिच्यात रजिस्ट्री खरी होते. दहा अनोळखी माणसं मिळून एकाच दस्तावर २० गुंठे घेतात, सगळ्यांची नावं सातबाऱ्याला लागतात आणि प्रत्येकाला चुन्याने आखलेला ‘आपला’ तुकडा दाखवला जातो. पण त्या आखणीला कागदाचा आधार नसतो. सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा आहे, चतु:सीमा नाही. रस्त्याच्या बाजूला कोण आणि मागे ओढ्याला कोण यावरून भांडण लागलं की प्रत्येक जण प्रत्येक इंचाचा मालक असतो. कर्ज मिळत नाही आणि विकायचं म्हटलं तर घेणाराही याच अडचणीला घाबरतो. भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा, मागा. ‘मोजणी नंतर करून देतो’ असं उत्तर आलं तर इसार देऊ नका.

तिसरी वाट ग्रामपंचायतीची. ‘नमुना आठ तुमच्या नावावर काढून देतो, घरपट्टी भरा, झालं घर नावावर.’ नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव लागलं म्हणजे कर भरायची जबाबदारी आली, खालची जमीन आपली झाली नाही.

‘आता कायदा ढिला झालाय’ हेही ऐकवलं जातं. सवलती निघतात हे खरं, पण त्या ठराविक हद्दीपुरत्या आणि ठराविक कामांपुरत्या असतात. आपला गट त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

मराठवाड्यात आणखी एक गाठ आहे, ती पुण्या-नगरकडच्या माणसाला माहीत नसते. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, म्हणून इथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागू आहे. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी असल्याचा दाखला मी काढून देतो’ म्हणणारा एजंट तुम्हाला पुढच्या गुन्ह्यातच अडकवतोय. दुसरं म्हणजे इनामं, म्हणजे जुन्या राजवटीत सेवेसाठी किंवा पोटापाण्यासाठी दिलेल्या जमिनी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान, कूळ असा एकही शब्द दिसला तर थांबा. खिदमतमाश जमीन मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठी दिलेली असते, कसणाऱ्याला ती विकायचा हक्क नसतो. हे शब्द नेहमी वरच्या ओळीत नसतात, ‘इतर हक्क’ या रकान्यात बारीक अक्षरांत असतात. शंका असेल तर १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा आणि तिथपासून आजपर्यंतचे फेरफार क्रमाने लावा. मधला एखादा फेरफार ‘सापडत नाही’ असं सांगितलं तर नेमका तोच महत्त्वाचा असतो. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला उतारा घेऊ नका. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, तो स्वतः काढा.

रस्त्याचं एकच सांगतो. जाहिरातीतला रस्ता बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जातो. उन्हाळ्यात गाडी आत जाते आणि मृगाचा पाऊस पडला की शेजारी तिथे सोयाबीन पेरतो. गावनकाशात पांदण आहे का, आणि खरेदीखतात वहिवाटीचा उल्लेख आहे का, हे आधी पाहा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण तोवर लेकरांनी चिखलातून शाळेला जायचं.

आता केबिन ठेवायची जमीन. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. गुत्तेदार चार कोपऱ्यांना सिमेंटचे ठोकळे ठेवतो, वर केबिन टेकवतो आणि पैसे घेऊन जातो. पहिल्या पावसाळ्यानंतर दार चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात घासायला लागतं. मग घरातलं कुणीतरी रंधा मारून दार कमी करतं. उन्हाळ्यात माती आक्रसते, त्याच दाराला खालून दोन बोटांची फट पडते आणि त्या फटीतून विंचू आत येतो. दोष दाराचा नसतो. एक कोपरा वर उचलला गेलेला असतो आणि अख्खी चौकट पिळवटलेली असते. २० बाय १० फुटांच्या केबिनला किमान सहा पाये लागतात, चार कोपऱ्यांना आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. प्रत्येक खड्डा काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचा, मग तो दोन फुटांवर लागो की पाचवर. भोवती मुरुमाचा भराव टाकून उतार बाहेर काढायचा. केबिनखालची पोकळी जाळीने बंद करायची. मण्यार रात्रीची हिंडते आणि अंधारी, कोरडी जागा शोधते.

मालातली चोरी डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती वजनावर पकडायची. सांगाड्याला दोन बाय दोन इंची चौकोनी पाइप ‘दोन एमएमचा’ सांगतात आणि १.२ एमएमचा लावतात. सहा मीटरचा दोन एमएमचा पाइप साधारण १८ किलो भरतो, १.२ एमएमचा ११ किलो. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून वेल्डिंगच्या आधी वर्कशॉपवर जा आणि एक पाइप काट्यावर टाकायला लावा.

भिंतीच्या पॅनलमध्ये पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेनचा फोम) सांगून थर्माकोल घालणं ही तर सर्रास चाललेली चलाखी. दोन्हींवर रंगीत पत्रा असतो, टिचकीचा आवाजही जवळपास सारखाच येतो. खिडकीसाठी कापलेल्या भोकातला तुकडा मागून घ्या. थर्माकोल मोडला तर साबुदाण्यासारखे दाणे सुटतात. पफ पिवळसर असतो आणि पिठासारखा चुरतो. तरी खात्री नसेल तर उघड्यावर, आगीपासून लांब, त्यावर पेट्रोलचे दोन थेंब टाका. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो, पफ तसाच राहतो. पफची घनता घनमीटरला ४० किलो सांगितली असेल तर पत्रे सोलून १० बाय १० बाय ५ सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि सोनाराच्या काट्यावर ठेवा. २० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. थर्माकोल सात-आठ ग्रॅमच भरतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, ४२-४३ अंशांत, आत म्हातारं माणूस झोपणार आहे. अशा वेळी हा फरक फक्त पैशांचा राहत नाही.

माप बाहेरून धरतात हेही लक्षात ठेवा. ५० एमएमची भिंत दोन्हीकडून दोन-दोन इंच खाते, २०० चौरस फुटांतले दहा फूट तिथेच जातात. तळाला मरीन प्लायवूड लिहून साधं लावतात. आयएस ७१० चा शिक्का फळीच्या पाठीमागे असतो, व्हिनाइल चिकटवण्याआधी बघा.

अर्थिंगबाबत मात्र हात जोडून विनंती आहे. केबिन लोखंडाची असते. पत्र्याच्या धारेवर वायर सोलली गेली तर अख्खं घर करंट धरतं आणि ओल्या पायांनी दाराला हात लावणारं लेकरू जागीच जातं. गुत्तेदार खर्च वाचवायला सांगाड्याला अर्थिंग जोडतच नाही. वेगळा अर्थिंगचा खड्डा, सांगाड्याला जोडलेली पट्टी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), हे तिन्ही झाल्याशिवाय एक रात्रही त्यात झोपू नका. गॅसची टाकीही बाहेर, आडोशाला ठेवा. थर्माकोल जळताना वितळून ठिबकतो आणि पफच्या धुरात गुदमरायला होतं.

‘लाइट आहे’ म्हणजे काय, तेही विचारा. दाखवलेला पोल शेतीपंपाचा असेल तर त्या लाइनला आठ-दहा तास पुरवठा असतो, तोही पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. घरगुती कनेक्शनला गावठाणचा फीडर किती लांब आहे आणि मध्ये किती पोल लागतील, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. एजंटने शेतीपंपावरून वायर ओढून दिली असेल तर ती वीजचोरी ठरते, आणि घरात राहणारे तुम्ही असल्याने केस तुमच्यावर होते.

पाण्याची फसवणूक सगळ्यांत सफाईदार. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात एजंट मोटार चालू करून पांढरीशुभ्र धार दाखवतो. आदल्या रात्री बोअरमध्ये टँकर ओतलेला असतो. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं, म्हणजे ३०० फूट उभं पाणी असलं तरी दोन हजार लिटरच्या आतच. मिनिटाला ४० लिटर फेकणारी मोटार ते पाऊण-एक तासात संपवते. म्हणून दहा मिनिटं धार बघून माघारी येऊ नका. सलग तीन तास मोटार चालवा. २०० लिटरचा ड्रम भरायला सुरुवातीला किती मिनिटं लागली आणि शेवटी किती, ते लिहून ठेवा. हे मार्गशीर्षात करून उपयोग नाही, एप्रिल-मेमध्ये करा. पाच माणसांना रोज पाचशे लिटर तरी लागतातच.

पैसे टप्प्यांनीच द्या. सांगाडा वजन करून पाहिल्यावर एक हप्ता, पॅनल तपासल्यावर दुसरा, आणि केबिन पायावर बसून लेव्हल बघितल्यावर उरलेले. ७० टक्के आधी मागणाऱ्याकडे काम देऊ नका. रोख अजिबात नको. ऑनलाइन पैसे जाऊन समोरचा गायब झाला तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. केबिनच्या खोट्या मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. दोन्हीकडे कोटेशन लागतं, आणि त्यावर पाइपची जाडी, पफची घनता, प्लायवूडचा आयएस नंबर लिहिलेला असला तरच ते कामी येतं. ‘केबिन एक नग’ एवढ्याच कोटेशनवर काही सिद्ध होत नाही.

आणि केबिनचं जीएसटी बिल स्वतःच्या नावावर घ्या. हे जवळपास सगळे विसरतात. बिल एजंटच्या नावावर असतं, जागेचा व्यवहार मोडतो, कुटुंब म्हणतं निदान आमची केबिन तरी नेतो. मग जागावाला पांदणीत ट्रॅक्टर आडवा लावतो आणि हायड्रावाला बिल मागतो. ते दाखवता आलं नाही तर तो हुक न लावताच परत जातो.