रोजच्या गोळ्या कुठून घ्याव्यात: चिठ्ठीवरचा ब्रँड, दुकानातलं जेनेरिक की जनऔषधी?

बीपी-शुगरची गोळी कायमची लागली की या तीन वाटा समोर येतात. आतलं औषध तेच. जादा पैसा कुणाच्या खिशात जातो, बहुतेक वेळा एवढाच फरक.

चिठ्ठीवरच्या ब्रँडच्या किमतीत एमआरची, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींची, फौज आणि डॉक्टरांना खूश ठेवण्याचा खर्च धरलेला असतो. भेटवस्तू आणि सहलींना औषध कंपन्यांच्या प्रचारासाठीच्या मार्च 2024च्या यूसीपीएमपी संहितेत मनाई आहे. सॅम्पलसुद्धा एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला 12च पॅक. पण तक्रार तपासते ती कंपन्यांच्याच संघटनेची समिती. त्यापेक्षा 2022चा सुप्रीम कोर्टाचा एपेक्स लॅबोरेटरीज निकाल कंपन्यांना जास्त झोंबला, कारण असल्या खर्चावरची आयकर वजावटच गेली. तरीही थायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर ज्या कंपनीवर डोस बसलाय तीच ठेवा. या औषधांत थोड्या फरकानेही परिणाम बदलतो.

सर्वांत जपून राहायचं ते दुकानातल्या जेनेरिकपाशी. इथे डॉक्टरवर खर्च नसतो, तो वाटा दुकानदाराकडे वळतो. समजा, स्ट्रिप त्याला 15 रुपयांना पडली आणि छापील किंमत 90 आहे. 30 टक्के सूट देऊन त्याने 63 घेतले, तुम्ही खूश; त्याला सुटले 48. यात बेकायदा काही नसतं. सरकारच्या किंमत नियंत्रण यादीतल्या औषधाची कमाल किंमत 1 टक्का किंवा जास्त बाजारहिस्सा असलेल्या मालाच्या सरासरी किमतीवर 16 टक्के चढवून ठरते, आणि स्वस्तात पडणाऱ्या मालावरही तिथपर्यंतची किंमत छापलेली चालते. म्हणून सूट किती हे विचारू नका, गोळीमागे किती पडले ते बघा. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारं, औषध परस्पर बदलून देणं मात्र नियमात बसत नाही.

जनऔषधी या सरकारी योजनेच्या दुकानात छापील किंमतच ब्रँडच्या साधारण निम्मी किंवा त्याहून कमी असते. मेटफॉर्मिन 500, टेल्मिसार्टन 40, अॅम्लोडिपिन 5 अशा एका घटकाच्या गोळ्यांसाठी आमचा कौल इथेच. दुखणं साठ्याचं: माल अचानक संपतो, तेव्हा आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा आणि घटकाचं नाव व मिलिग्रॅम डॉक्टरांकडून लिहून घ्या.

चिठ्ठीत दोन-तीन घटकांची एकच गोळी असेल तर सुटे घटक चालतील का, तेही डॉक्टरांनाच विचारा. एक घटक वाढवून किंमत नियंत्रणाच्या यादीबाहेर निसटण्याची युक्ती जुनी आहे. कमाल किंमत ‘फार्मा सही दाम’ अॅपवर दिसते. जास्त लावली असेल तर बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घेऊन एनपीपीए या औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार करा.