‘कमिशन नाही’ म्हणून घरी येऊन चिल्लर तोलून नेणारे

वर्षानुवर्षं साठलेली चिल्लर घरबसल्या मोडून देतो, असं सांगणारे लोक सध्या पुण्याच्या उपनगरांत फिरत आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो आणि फोन केला की माणूस वजनकाटा घेऊन दारात हजर होतो. धनकवडीतल्या एका घरी पाच लिटरच्या बरणीतल्या नाण्यांचं काय झालं ते इथे आकड्यांसकट देत आहोत, कारण आकडे मांडल्याशिवाय ही चोरी दिसतच नाही.

घरात आजी-आजोबा दोघंच होते. “काकू, एक रुपयाही कमिशन नाही. बँकेत चार खेटे घालायचे, त्यापेक्षा मी तोलतो आणि लगेच पैसे देतो,” असं तो म्हणाला. नाणी मूल्याप्रमाणे वेगळी करून ठेवली होती. त्याने बरणीतलं एक जाड, पांढरं पाच रुपयांचं नाणं उचलून काट्यावर ठेवलं. 9 ग्रॅम भरलं. “म्हणजे किलोत 110 नाणी. रिझर्व्ह बँकेनेच तोलून घ्यायला सांगितलंय.” तसंच एक रुपयाला किलोमागे 200 आणि दोन रुपयाला 150 नाणी असा हिशेब ठरला.

यातली मेख अशी की प्रत्येक वेळी त्याने सगळ्यांत जड नाणं निवडलं आणि आलेला आकडाही खाली उतरवून धरला. आपल्याकडे एकाच मूल्याची, पण वेगवेगळ्या वजनांची नाणी एकाच वेळी चलनात आहेत. जाड पाच रुपये 9 ग्रॅमचे, पण नंतर आलेलं पिवळसर नाणं 6 ग्रॅमचं आणि 2019 च्या मालिकेतलं 6.74 ग्रॅमचं. जुना 25 मिलिमीटरचा रुपया 4.85 ग्रॅम, 2011 च्या मालिकेतला 3.79 आणि 2019 चा फक्त 3.09. दोन रुपये 6 ग्रॅमपासून 4.07 ग्रॅमपर्यंत. म्हणजे किलोभर रुपयांत 206 नाणी असतील, 264 असतील किंवा 323 सुद्धा. नाणं जितकं हलकं, तितका त्याचा फायदा.

आता त्या बरणीचा हिशेब. पाच रुपयांची 4 किलो नाणी, बहुतेक सगळी पिवळसर. खरी संख्या 666, म्हणजे 3,330 रुपये. त्याने धरली 440, म्हणजे 2,200. दोन रुपयांची 3 किलो, 4.85 ग्रॅमची. खरी 618, म्हणजे 1,236 रुपये, दिले 900. एक रुपयाची 4 किलो, निम्मी जुनी आणि निम्मी 2011 च्या मालिकेतली. खरी 940 नाणी, दिले 800. एकूण 5,506 रुपयांच्या चिल्लरीचे 3,900 हातात पडले. कमिशन शून्य, आणि 1,606 रुपये, म्हणजे शंभरातले 29, गेले. काटा बरोबर होता, त्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्काही होता. त्यामुळे शिक्का पाहून निर्धास्त होऊ नका. खोट काट्यात नव्हती, दरात होती.

रिझर्व्ह बँकेचं नाव घेतल्यामुळे लोक गप्प बसतात. एक आणि दोन रुपयांची नाणी बँकांनी शक्यतो तोलून घ्यावीत, असं रिझर्व्ह बँकेने खरंच सांगितलं आहे. पण ते बँकेच्या काउंटरसाठी. एक जातीचं नाणं एकीकडे असेल तरच वजनावरून संख्या निघते. मिसळलेल्या नाण्यांना एकच दर लावला की हिशेब चुकलाच.

हेच लोक दहा रुपयांच्या नाण्यावर आणखी एक डाव खेळतात. ‘यावर ₹ ची खूण नाही, हे चालत नाही, पाच रुपयांत घेतो.’ ही खूण 2011 पासूनच्या नाण्यांवर आली, आधीची त्याशिवायच असणार. दहा रुपयांच्या नाण्याचे 14 नमुने निघाले आहेत आणि सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं होतं. 50 पैसेही आजही कायदेशीर आहेत. बंद झाले ते 25 पैसे आणि त्याखालची नाणी, 30 जून 2011 पासून. तेवढी आधीच बाजूला काढा.

मग फी न देता चिल्लर मोडायची कशी? आपल्या बँकेच्या शाखेतच. नाणी घेणं ही शाखेची जबाबदारी आहे, खात्यात भरायला असोत की बदलून घ्यायला. फक्त तयारी नीट करा. आधी मूल्याप्रमाणे आणि मग आकाराप्रमाणे ढीग लावा. प्रत्येक प्रकारची 100 नाणी हाताने मोजून छोट्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत भरा. शंभराची पिशवी कॅशियरलाही सोयीची पडते. बाहेर चिठ्ठीवर मूल्य आणि रक्कम लिहा: रुपयाच्या पिशवीचे 100, पाचाच्या 500, दहाच्या 1,000. पिशवी स्टेपल करू नका, दोऱ्याने बांधा म्हणजे उघडून मोजता येते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल तर पडताळा घ्या: 6 ग्रॅमच्या पाचाची पिशवी 600 ग्रॅमच्या आसपास, 3.79 च्या रुपयाची 379 च्या आसपास. झिजलेल्या नाण्यांमुळे दोन-चार ग्रॅमचा फरक पडतो, त्यामुळे शंका आली तर पुन्हा हातानेच मोजा. चिकट, गंजलेली नाणी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओली नाणी मोजणीच्या यंत्रात अडकतात आणि मग कॅशियर नाराज होतो, ते रास्तच आहे.

शाखेत जाताना पगाराचे पहिले दिवस आणि दुसरा-चौथा शनिवार टाळा. महिन्याच्या मध्यावर, सकाळी जा. आदल्या दिवशी अधिकाऱ्याला विचारून ठेवलं तर काम निम्मं होतं. एका वेळी हजार रुपयांपर्यंतच न्या, असा आमचा आग्रह आहे. कारण 2011 च्या नाणे कायद्यात एक रुपया व त्यावरच्या नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतचीच रक्कम चुकती करता येते, असं कलम आहे आणि काउंटरवर त्याचाच हवाला दिला जातो. खरं तर हे कलम देणं चुकवण्याबद्दल आहे. खात्यात नाणी भरायला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. तरी पाच किलो पिशव्या एकदम पुढे ठेवून वाद घालण्यापेक्षा दोन-तीन वेळा गेलेलं बरं.

शाखा नाहीच म्हणाली, किंवा नाण्यांवर कमिशन मागितलं, तर नकार लेखी मागा. तो मिळाला नाही तरी तारीख, वेळ आणि काउंटर नोंदवून बँकेकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठी पैसे पडत नाहीत. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. दुसरा सोपा मार्ग म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला, डेअरी, भाजीवाली मावशी. त्यांना सुट्टे पैसे रोज लागतात आणि ते मोजून, पुरते पैसे देऊन घेतात.

याहून मोठा फटका बसतो तो बरणीतली ‘दुर्मीळ’ नाणी विकायला गेल्यावर. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेलं 2012 चं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं बऱ्याच घरांत निघतं. त्याचा फोटो मागवतात, लाखांचा भाव सांगतात. मग नोंदणीचे काही शे रुपये, त्यावर जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेची एनओसी’ (ना हरकत पत्र), मग टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा मोठा, कारण भरलेले पैसे सोडवत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्रही पाठवतात. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही, कोणाला अधिकारही दिलेला नाही, असं तिने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केलं आहे. खरंच जुनं नाणं असेल तर जुन्या बाजारात किंवा नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात दोघा-तिघांना प्रत्यक्ष दाखवा. खरेदीदार पैसे देतो, मागत नाही.

यूपीआयवर ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं, तर तिथेच थांबा. पिन लागतो तो पैसे द्यायला. समोरच्याच्या मोबाइलवरचा ‘पेमेंट झालं’ हा स्क्रीन धरू नका, स्वतःच्या खात्यात जमा दिसेपर्यंत बरणी हातातून सोडू नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) जवळ ठेवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत वळलेले असतात. घरी येऊन तोलून नेणाऱ्याची तक्रार मात्र जवळच्या पोलीस चौकीत द्यायची, सोबत त्याचा फोन नंबर, गाडीचा नंबर आणि किलोचा दर लिहिलेला कागद असला तर उत्तम.