रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट : नोटिशीसाठी उत्तम, दाद मागायला अवघड

१ ऑक्टोबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्यामुळे आता खिडकीवर नुसतं ‘स्पीड पोस्ट’ म्हणू नका, ‘रजिस्ट्रेशनसह’ असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर ते छापून आलंय का, तिथेच बघा. जादा ५ रुपयांत पाकीट फक्त ज्याच्या नावाचं आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच मिळतं.

५० ग्रॅमपर्यंतचा मूळ दर नाशिक शहरातल्या शहरात १९ रुपये, शहराबाहेर ४७. रजिस्ट्रेशन आणि १८ टक्के जीएसटी धरून नाशिकमध्येच पंचवटीहून सिडकोला २८.३२, मुंबईला ६१.३६. जुनं हलकं रजिस्टर्ड पत्र २६ रुपयांच्या आत जायचं, म्हणजे बाहेरगावच्या सभासदांना नोटिसा पाठवणाऱ्या सोसायट्यांना हा बदल चांगलाच महाग पडणार. ८० जीएसएमचा ए-फोर कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो. सात-आठ पानं घडी घालून लहान पाकिटात ५० ग्रॅममध्ये बसतात. जाड खाकी पाकीट घेतलंत की हद्द ओलांडते आणि मुंबईचा मूळ दर ५९ होतो.

आणखी ५ रुपयांत ओटीपी डिलिव्हरी मिळते. बँकेचं कार्ड किंवा प्रमाणपत्र असेल तर जरूर घ्या. भाडेकरूला किंवा चेक न वटलेल्या माणसाला नोटीस पाठवताना मात्र अजिबात नको. टाळणारा माणूस ओटीपी सांगेल कशाला? तिथे साधं रजिस्ट्रेशन घ्या, पत्ता पिनकोडसह अचूक लिहा. पोस्टमनचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा कोर्टात कामाला येतो. परत आलेलं पाकीट फोडू नका.

सेवा म्हणून इथवर तक्रार नाही. खोट आहे ती देखरेखीत. १८९८ चा कायदा जाऊन टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला. पूर्वी पत्रांच्या दराची कमाल मर्यादा कायद्याच्या परिशिष्टात होती, म्हणजे संसदेच्या हातात. आता दर ठरवतात टपाल सेवा महासंचालक. टेलिफोनला १९९७ पासून ट्राय हा स्वतंत्र नियामक आहे, अमेरिकेत टपालावर वेगळा नियामक आयोग आहे. आपल्याकडे सेवा देणारं, दर लावणारं आणि तक्रार ऐकणारं खातं एकच. टपाल बेकायदा उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला जुन्या कायद्यात शिक्षा होती, नव्यात ती तरतूदच नाही.

त्यात नव्या कायद्याचं कलम १०. नियमांत ठरवून दिलंय तेवढीच खात्याची जबाबदारी. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा मुद्दाम नुकसान केलं तरच तो वैयक्तिक अडकतो. स्पीड पोस्ट हरवल्यास भरपाईचा वर्षानुवर्षांचा नियम म्हणजे शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं कमी असेल ते. म्हणजे मुंबईच्या त्या पाकिटामागे जेमतेम सव्वाशे.

तेव्हा पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा क्रमांक जपा, ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच काढा. आधी खात्याच्या संकेतस्थळावर तक्रार, तिथे थातुरमातुर उत्तर आलं तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. पण तिथेही कलम १० पुढे केलं जाणार, हे धरून चाला. मूळ खरेदीखत असल्या पाकिटातून पाठवूच नका, साक्षांकित प्रत पाठवा.