ॲडापलीन जेल: नऊ महिन्यांनंतर (आणि त्याआधीच्या दोन फजित्या)

मी डॉक्टर नाही. अमळनेर-जळगाव रोज अपडाऊन करणारी, ऑफिसात बसणारी मुलगी. सतराव्या वर्षापासून कपाळावर आणि जबड्याच्या कडेने मुरुम, आता चोवीस.

ॲडापलीन हे मुरुमांवर लावायचं जेल, पण त्याआधी एका क्रीमचं सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात मावसबहिणीच्या हळदीला आठ दिवस उरले होते. मेडिकलवाल्याने काही न विचारता एक ट्यूब हातात दिली, ‘सगळे हीच नेतात’. चार दिवसांत चेहरा असा लख्ख की फोटोत मीच नवरी. मग काय, दोन महिने लावली. एकदा संपली, आणायची राहिली, तर तिसऱ्या दिवशी गाल लालभडक, पुटकुळ्या दुप्पट, उन्हात पाऊल टाकलं की आग. आजी बघतच राहिली, ‘तोंडले काय व्हयनं वं?’

त्यात मोमेटासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड, शिवाय रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचा सोलवटणारं ट्रेटिनॉइन. स्टेरॉइडची असली मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मीही कुठे वाचलं होतं!

मग एका डॉक्टरांकडे गेले. दोन मिनिटांत पाच औषधं: क्लिंडामायसिन जेल, अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या (दोन्ही अँटिबायोटिक), व्हिटॅमिनच्या कॅप्सूल, साबण आणि वर फेसवॉश. बिल अकराशेच्या पुढे. कुठलं कशासाठी, किती दिवस, काही नाही. आधी काय लावलं होतं हेही कोणी विचारलं नाही. नुसतं क्लिंडामायसिन लावत राहिलं की जंतू त्याला सरावतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. अझिथ्रोमायसिन तर टायफॉइडला लागणारं औषध, ते मी मुरुमांवर तीन महिने खाल्लं.

नोव्हेंबरात जळगावच्या स्किनवाल्या मॅडमकडे गेले. त्यांनी आधी जुन्या ट्यूबचं नाव विचारलं. चिठ्ठीवर दोनच ओळी: डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम (अँटिबायोटिकची गोळी) आणि साधं मॉइश्चरायझर. महिनाभर चेहऱ्याला दुसरं काही लावायचं नाही. गोळी तीन महिन्यांच्या वर नाही, आणि उन्हाळ्याआधी संपवायचीच, कारण तिने ऊन जास्त बाधतं. ग्लासभर पाण्यासोबत घ्या, लगेच आडव्या होऊ नका, हेही सांगितलं होतं. मी एका रात्री घोटभर पाण्यावर गिळून झोपले, तर दोन दिवस छातीत जळजळ.

डिसेंबरपासून ॲडापलीन ०.१ टक्के. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं, तेही चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. आधी आठवड्यातून दोन रात्री, मग एक दिवसाआड, मग रोज. तिसऱ्या आठवड्यात तोंडाभोवती पापुद्रे सुटले. शेवभाजीचा रस्सा ओठाच्या कोपऱ्याला लागला की डोळ्यांत पाणी. आठव्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून सोडणारच होते. मॅडम म्हणाल्या, बारा आठवडे थांबा. बाराव्या आठवड्यात जबड्यावरून हात फिरवला तर नवीन गाठ लागली नाही. आरशात मात्र तेव्हाही डागच दिसत होते.

सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. हे कपड्यांचा रंग खातं. स्कूटीवर तोंडाला बांधायचा माझा निळा स्कार्फ हनुवटीपाशी नारिंगी झालाय. आता स्कार्फ, टॉवेल, उशीची खोळ, सगळं पांढरं.

मे महिन्यात जळगाव ४४ अंशांवर गेलं की चेहऱ्यावर सनस्क्रीनही टिकत नाही, घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. जेलसारखं, कमी चिकट मिळालं तेव्हा कुठे जमलं.

आज ऑगस्टात पाळीच्या सुमारास दोन-तीन येतात, बाकी नवीन नाही. काळे डाग निम्मे फिके झालेत. उजव्या गालावरचे दोन खड्डे जसेच्या तसे. जेलने खड्डे भरत नाहीत, उगाच आशा लावू नका. १५ ग्रॅमची ट्यूब मला महिनाभर जाते. दिवस राहण्याचा विचार असेल तर लावायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. पाचपैकी चार, पहिल्या महिन्याच्या सालपटांचा एक कापला.

परवा मावसबहिणीचा फोन आला, ‘ती हळदीची क्रीम कोणती गं?’ म्हटलं, तुझ्या मेडिकलमधल्या खोक्याचा फोटो काढ, मागची बाजू, आणि पाठव. अजून आलेला नाही.