करबुड्यात आता खिडकी उघडी ठेवा! इलेक्ट्रिक मांडवी एक्स्प्रेसला 5 पैकी 4

कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर मार्ग 2022 ला पूर्ण इलेक्ट्रिक झाला, पण खरा फरक कळतो तो करबुडे बोगद्यात. साडेसहा किमीचा बोगदा आहे हो, डिझेल असताना उक्षी गेलं की आम्ही पटापट खिडक्या लावायचो नाहीतर धुराचा वास डबाभर, आता काहीच नाही आणि आवाजही कमी.

एक स्टार कापला कारण पावसाळ्यात ओव्हरहेड वायर तुटली की डिझेल इंजिन येईपर्यंत बसा. तिथे ड्युअल मोड इंजिन पायजेच. न्यू जर्सीत एएलपी-45डीपी आहे ना, वायर असली की वीज, नसली की आतली दोन डिझेल इंजिनं, ताकद कमी पण गाडी हलते तरी! गणपतीच्या गर्दीत असं एखादं रत्नागिरीला उभं ठेवाच.